विहारातला सगळ्यात स्थिर माणूस

सिल्व्हर पार्कला आमच्या बिल्डिंगमागे बुद्धविहार आहे. रविवारी सकाळी वंदना झाली की सगळे डोळे मिटून आपापला श्वास बघत बसतात. माझं मन तिथे कधी टिकलंच नाही. अर्धं भाजीत, अर्धं कुकरमध्ये. आणि पलीकडे पुरुषांच्या रांगेत माझा नवरा, नाइट ड्यूटीवरून थेट आलेला, पण कसा बसायचा! तासभर ढिम्म. बाहेर पडताना काका लोक म्हणायचे, "ताई, साहेबांची साधना बघा जरा." अस्सा राग यायचा! घरी बीपीची गोळी हातात दिल्याशिवाय घेत नाहीत, म्हणे साधना.

एका रविवारी मी चोरून डोळे उघडले. ह्यांची मान पुढे पडली होती. पोट आत ओढलं जात होतं, पण श्वास काही येत नव्हता. मी वाट बघितली. तरी येईना. बाई गं! ओरडणार इतक्यात खर्रकन आवाज आला, हे दचकले, मान सावरली आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. आजूबाजूला सगळे शांतपणे आपापला श्वास बघत होते.

बाहेर आल्यावर विचारलं, तर "मी झोपलोच नव्हतो," हे म्हणाले. पत्ताच नव्हता त्यांना!

झोपेची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं. झोपेत घसा सैल पडतो, वाट बंद होते. जागरण आणि चढलेलं बीपी हा त्रास वाढवतात. श्वास अडला की झोप मोडते आणि बीपी आणखी चढतं. "पण दर वेळी मेंदू त्यांना क्षणभर जागं करतो, म्हणून श्वास सुरू होतो." मी थक्क झाले. इतकी वर्षं आम्ही दोघंही बेखबर, आणि ह्यांच्या आत कोणीतरी न कंटाळता ह्यांना उठवत होतं!

श्वासाचं मशीन आणलं तर ह्यांचं तोंड वाकडं. "ही नळी नाकाला लावून झोपू? हत्ती दिसेन."

"हत्ती तर हत्ती. पण दिसा मला."

तसे हे नळी लावून आडवे झाले. दुपारची वेळ. ना घोरणं, ना दचकणं. एवढ्या शांततेची मला सवय नव्हती; घाबरून ह्यांच्या पोटावर हात ठेवला. वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. मला रडूच आलं. तशीच डोळे मिटून बसून राहिले. पहिल्यांदाच माझं मन श्वासावर टिकलं. श्वास ह्यांचा होता.