चांद्याचा खांब

सकुबाईच्या अंगणात विजेचा खांब उभा राहिला आणि पुढं नऊ वर्षं तिकडं कुणी फिरकलंच नाही. ना तार, ना वीज. पहिल्याच हिवाळ्यात तिचं डोकं फिरलं. म्हसा गावच्या जत्रेतून तिनं एक गोऱ्हा आणला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव ठेवलं चांद्या, आणि त्याला सरळ खांबालाच बांधलं. "उजेड नाय तर नाय, खुंटा तरी फुकट मिळाला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. शेजारच्या पाड्यातले बिनतारेचे खांब चोरांनी कापून नेले. चांद्याच्या शिंगांपुढं मात्र कुणाची हिंमत झाली नाही.

यंदा भातकापणी उरकल्यावर तार ओढत वायरमन आला.

"आजी, बैल सोडा. आता इथं जनावर बांधायचं नाय, करंट येनार."

"नऊ वर्षं हेच ऐकतेय मी!" सकुबाई कडाडली. पण मीटर बसलं, त्यातला तांबडा ठिपका लुकलुकला, तशी ती ओट्यावर बसली आणि कितीतरी वेळ पदरानं तोंड पुसत राहिली.

"पहिला बल्ब कुठं लावू?" वायरमननं विचारलं.

"गोठ्यात."

"अवो, लोक आधी घरात लावतात!"

"गेल्या साली बिबट्यानं गोठ्यातनं माजं वासरू नेलं, मला नाय नेलं," सकुबाई म्हणाली. "आन् मला सांग, नऊ वर्षं तुमचा खांब कुनी राखला रे?"