चुन्याची निवळी

"नागपुरात समुद्र कुठून आणून राहिल्या वं ह्या मॅडम?" प्रयोगशाळेच्या दाराशी मावशी दुसऱ्या शिपाईबाईंना विचारत होत्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि परीक्षानळ्या मांडत राहिले.

इतवारीजवळच्या त्या मराठी शाळेत आठवीच्या मुलींना मी समुद्राच्या पाण्याची वाढती आम्लता दाखवणार होते. माझं सगळं रसायनशास्त्र इंग्रजीतलं. म्हणून शाळेच्या बाईंशी आधीच ठरवून घेतलं होतं, प्रयोग मी करेन, बोलायचं तुम्ही.

शाळेतली चुन्याची निवळी जुनी, निकामी निघाली होती. मावशींनी आदल्या दिवशी पानठेल्यावरून चुना आणला, पाण्यात कालवून निवळत ठेवला आणि वरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं. "पातळच ठेवली. पोरीच्या तोंडात गेली तं भाजन," त्या म्हणाल्या.

दोन मुलींनी चढाओढीने निवळीत नळीने फुंकायला सुरुवात केली. पाणी दुधासारखं झालं, टाळ्या पडल्या. एक थांबली. दुसरी जिंकायच्या नादात गाल लाल होईतो फुंकत राहिली, आणि तिचं पाणी पुन्हा नितळ झालं.

"बाई, हिनं बिघडवला प्रयोग!"

"फुकू फुकू दूधच पिऊन टाकलं वं हिनं!"

वर्ग हसला. बाई फळ्यावर लिहीत होत्या. मागे वळून म्हणाल्या, "जास्त झालं गं. ओतून टाक ते."

ती खाली मान घालून बेसिनकडे निघाली. खरं तर मला दाखवायचं होतं ते नेमकं तिच्याच हातात होतं. निवळी पातळ होती म्हणूनच ते इतक्या लवकर घडलं होतं. पण माझ्या तोंडाशी येत होती ती सगळी इंग्रजी वाक्यं. ही मुलगी घरी जाऊन काय सांगेल? आपल्यामुळे प्रयोग फसला, एवढंच.

मावशींनी वाटेतच तिच्या हातातली परीक्षानळी घेतली आणि माझ्यासमोर धरली. "मॅडमले इचार आधी. मले तं काही बिघडल्यावानी नाही वाटत."

त्यांना काय दिसलं होतं, मला आजही माहीत नाही. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, मला घाई न करता. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

"ओतू नकोस," मी म्हणाले. "तू काही बिघडवलं नाहीस. ते पांढरं होतं ना, शिंपला त्याचाच बनतो. तुझ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड जास्त झाला, म्हणून ते विरघळलं. आपल्या धुरातला हाच वायू समुद्रात जास्त विरघळला, की आतल्या जिवाला आपलं कवच बांधणं जड जातं. कधी कधी बांधलेलंही विरतं."