डॉक्टर नील म्हणाला होता, पूर्ण सांग

मी गांजा खाते.

वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरची सही आहे, सरकारचं कार्ड आहे, पर्समध्येच असतं.

मुलगा म्हणाला, "आई, हे फेसबुकवर नको ना. अर्धं नेपरव्हिल तुझ्या लिस्टमध्ये आहे."

म्हटलं, म्हणून तर लिहितेय.

आज डॉक्टर नीलला जाऊन वर्ष झालं. हार्ट अटॅक. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती पोराने.

नील इथेच, अमेरिकेत जन्मलेला, जुनाट दुखण्यांचा डॉक्टर. मराठी बोलायला फक्त घरात शिकलेला, त्यामुळे पेशंट कितीही मोठा असो, तूच म्हणायचा. "आजी, तू बस. तुला कुठे दुखतंय?" माझी नात सई लाजली. मला वाटलं, घरचाच दिसतोय.

माझे मणके झिजलेत. सात वर्षं झाली. गोळ्यांनी पोट बिघडलं, इंजेक्शनं झाली, ऑपरेशन या वयात नको म्हणाले.

"दहापैकी किती दुखतं, आजी?"

"बाळंतपणाला दहा धरायचं का?"

हसला. "ते सोड. काय करायचंय आणि जमत नाही, ते सांग."

सईला तेव्हा चौथा महिना होता. मी म्हटलं, पणतवंडाला पायावर घेऊन आंघोळ घालायचीय.

त्याला कळेना. मग मी खुर्चीतच पाय पुढे करून दाखवलं. पाटावर बसायचं, पाय लांब, बाळ नडग्यांवर पालथं, आधी तेल, मग कोमट पाणी. मी माझी चार लेकरं अशीच न्हाऊ घातली, शेजारणींचीही घातली. एकीचं तर इतकं रडकं होतं, पण पायावर घेतलं की गप्प. असो.

त्याने कॉम्प्युटरवर तेच लिहिलं. माझ्या ट्रीटमेंटचा गोल, म्हणजे ध्येय, बाळाची आंघोळ. सईने वाचून दाखवलं.

आधी व्यायाम दिला. केला. थोडा फरक पडला, पण पाटावर बसवेना. मग म्हणाला, "मेडिकल कॅनाबिस ट्राय करू या?"

सई हळूच म्हणाली, "गांजा गं, आजी."

मी तडक उठले. म्हणजे उठायला दोन मिनिटं लागली, त्यात निम्मा राग गेला.

माझ्या माहेरी देवळामागे चिलीमवाले बसायचे. आई म्हणायची, तिकडे बघायचं नाही. आणि हा मला तेच खा म्हणतोय.

त्याने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाला, "आजी, ही जादू नाही. सगळ्यांना गुण येत नाही. तुझं दुखणं जाणार नाही, कदाचित थोडं मागे सरकेल. आम्हाला अजून यातलं सगळं कळलेलं नाही. जे कळलं नाही तेही मी तुला सांगेन."

इतक्या डॉक्टरांकडे गेले, मला कळलं नाही असं म्हणणारा हा पहिला.

ओढायचं नव्हतंच. जेलीसारखी वडी, तीही पाव, रात्रीच्या जेवणानंतर. माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून त्याने एकेक तपासली. घेतल्यावर जिना नाही, बाळ हातात नाही. डबा कुलपात. विमानात न्यायची नाही, इंडियात तर नाहीच.

पहिला आठवडा नुसतं तोंड कोरडं पडलं. तिसऱ्या आठवड्यात मी सलग झोपले. महिन्याभराने खाली वाकून मोजा घातला. सईला हाक मारून दाखवला.

आता इथे माझी चूक.

आपल्यात कसं असतं, मला गुण आला की तू पण घे. कुसुम माझी मैत्रीण, तिचे गुडघे. मी तिला अर्धी वडी दिली. पाव नाही, चांगली अर्धी. तासाभराने काही होईना म्हणून तिने उरलेली मागितली. तीही दिली.

मग कुसुमला घर फिरायला लागलं. भिंत धरून बसली, म्हणे मी चालले गं. तिच्या मुलाने इमर्जन्सीत नेलं. सुखरूप घरी आली.

मीच जाऊन नीलला सांगितलं. त्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता.

"आजी, तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"ती बीपीची गोळी घेते. पडली असती, हिप मोडलं असतं. परत दिलंस तर मी सही करणार नाही. आंघोळ विसर."

मी रडले. त्याने टिश्यू दिला, पण शब्द मागे घेतला नाही. मग म्हणाला, "तुला लोकांना सांगायचं असेल तर सांग. लपवू नको. पण पूर्ण सांग. कुसुमचं पण."

कुसुम मला अजून 'काय गं, डॉक्टरीणबाई' म्हणते. म्हणू दे.

इरा झाली. सव्वा महिन्याची असताना सकाळी डोकं साफ होतं, सई शेजारी बसली होती, आणि मी पाटावर बसले. पाय लांब केले. इरा रडली नाही. कंबर दुखली, खोटं कशाला सांगू. पण मी पंधरा मिनिटं बसले आणि सईचा हात धरून उठले.

व्हिडिओ नीलला दाखवला. दोनदा बघितला. म्हणाला, "आजी, आता मला कळलं तू काय सांगत होतीस ते."

ती शेवटची भेट.

गेलं वर्षभर मी हे लिहायला घाबरले. देवळात, भिशीत, लोक काय म्हणतील. पण त्याच देवळात किती जणी कंबर धरून बसतात आणि विचारायला लाजतात. लाजू नका गं. डॉक्टरला विचारा. मैत्रिणीला नको, मला तर मुळीच नको.

इरा आता घरभर पळते, पायावर मावत नाही. सईला पुन्हा दिवस गेलेत. पाट धुऊन ठेवलाय.

नील, पूर्ण सांगितलं बघ. कुसुमचं पण.

तुझ्या आजीचा तुला शेवटचा नमस्कार, बाळा.