काट्यावरचा संगणक

नोकरीतील बहुतेक प्रकरणे आता पुसट झाली आहेत. तारखा गळाल्या, चेहरे एकमेकांत मिसळले. हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे राहिले आहे, आणि ते माझ्या कर्तबगारीमुळे राहिलेले नाही.

मी तेव्हा सौसर-पांढुर्णा पट्ट्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. संत्र्याचा हंगाम भरात होता. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा पाहत असताना एका पॅकिंग हाऊसचे मालक आत आले. आसपासच्या बागांमधील संत्री त्यांच्याकडे येत, काट्यावर वजन होई, मग धुणे, प्रतवारी आणि पेट्या भरणे. त्या सकाळी तेथील सर्व संगणक एकदम बंद पडले होते. प्रत्येक पडद्यावर एकच इंग्रजी मजकूर होता : तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे द्या. प्रतवारीचे यंत्र संगणकावर चालणारे, तेही थांबले.

"साहेब, माल अंगणात पडून राहिला," मालक म्हणाले. "चार दिवसांत सडन. बागवाले मले सोडणार नाहीत."

मी गुन्हा नोंदवला आणि जिल्ह्याच्या सायबर सेलला कळवले. त्यांचे पथक दुसऱ्या दिवशी येणार होते. तोपर्यंत आपण काहीतरी करून दाखवावे, असे मला वाटले. माझी पहिली चूक तीच.

दुपारी तेथील व्यवस्थापकाचा फोन आला. "साहेब, माझं नाव कुठी येऊ देऊ नका. आमचा कम्प्युटरवाला महिनाभरापासून म्हणून राहिला होता, 'पाहजा, एक दिवस सगळं बंद पडन.' महागाचं सॉफ्टवेअर घ्या म्हणून सेठजीच्या मागं लागला होता. सेठजी नाही म्हणले. आता पाहा काय झालं ते."

मी ठाण्यातील संशयितांची जुनी नोंदवही काढली. हा तिशीतला कम्प्युटरवाला पूर्वी लोधीखेड्याला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवत असे. चोरीचा फोन विकत घेतल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला होता. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, परंतु वहीतले नाव कोणी खोडले नव्हते. मी जीप काढायला सांगितली.

तो काट्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली वाकून तारा तपासत होता. बाहेर ट्रॅक्टर आणि ट्रक रांगेने उभे होते. "एवढी केबल पाहू द्या साहेब, पाच मिनिटं," तो म्हणाला. मी ती पाच मिनिटे दिली नाहीत. रांगेतल्या एका बागायतदाराने विचारले, "काय केलं जी यानं?" माझा हवालदार म्हणाला, "तेच विचारायले नेऊन राहिलो." लोक हसले. मीही हसलो, हे येथे लिहिणे भाग आहे.

ठाण्यात मी त्याला सात तास बाकावर बसवून ठेवले. अंगाला हात लावला नाही, याचे त्या काळी मला समाधान वाटे. त्याच्याजवळची एक वही जप्त केली होती. संगणकाच्या राखणीची दोन सॉफ्टवेअर त्याने पंधरा-पंधरा दिवस वापरून पाहिली होती आणि कोणते घ्यावे, हे मालकांसाठी त्या वहीत लिहिले होते.

"तुला कसं माहीत की सगळं बंद पडणार?" मी विचारले.

"माहीत नव्हतं साहेब, दिसून राहिलं होतं. बाहेरून कोणीतरी काट्याच्या कम्प्युटरमध्ये घुसाले पाहत होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं दोनदा सांगितलं."

"आणि पहिल्याने?"

"पहिलं स्वस्त आहे, पण त्याच्याजवळ फक्त चोरांच्या नावाची यादी असते. यादीत नाव असन तर धरते. दुसरं नाव नाही पाहत, चाल पाहते. कोण कुठून आलं, काय उघडून राहिलं, कायले उघडून राहिलं." मग तो हळूच म्हणाला, "पहिलं तुमच्या रजिस्टरसारखं आहे साहेब."

मी तो उद्धटपणा मानला. बयानात ते वाक्य लिहू दिले नाही, आणि त्याला आणखी दोन तास बसवून मगच घरी सोडले.

दुसऱ्या दिवशी सायबर सेलच्या एक उपनिरीक्षक बाई आल्या. आरोपी कोण, असे त्यांनी विचारले नाही. जप्तीतील वही मागितली, शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "सर, आधी काटा पाहू."

काट्याच्या खिडकीला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. काटा बिघडला की बाहेरगावचा मेकॅनिक आपल्या गावी बसूनच त्या संगणकात शिरत असे आणि दुरुस्ती करत असे. त्या वाटेचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहिलेला होता, आणि तोही कोणालाही सुचेल असा साधा. हंगामात वारंवार फोन करायला नको, म्हणून व्यवस्थापकाने ती वाट कायमची उघडी ठेवली होती. चोर तेथूनच आत शिरून बाकीच्या संगणकांपर्यंत पोचले होते.

"पण दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्यांना अडवले का नाही?" मी विचारले.

व्यवस्थापक म्हणाला, "ते काट्यावरून मीच काढाले लावलं. वजनाच्या वेळी पडद्यावर त्याच्या इशाऱ्याची डबी येऊन पडे अन् आकडा अडके. बागवाले म्हणत, आकडा थांबवून काय करून राहिले, काटा मारता काय? साहेब, आमच्या धंद्यात काट्यावरचा भरवसा गेला की माल दुसऱ्याकडे जाते. पंधरा दिवसांची तर ट्रायल होती, तीही संपत आली होती. मले वाटलं, एक कम्प्युटर सोडला तर काय होते?"

त्याने हे वाईट हेतूने केले नव्हते. फोन मात्र त्याने भीतीपोटी केला होता, आणि ती भीती ओळखणे हे माझे काम होते. खबर देणारा स्वतः कोठे उभा आहे, हे आधी पाहावे, असे मी शिपायांना शिकवत असे.

खरे गुन्हेगार परदेशात कोठेतरी होते; ते आम्हाला शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्या कम्प्युटरवाल्याने घरी ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रतींवरून तिसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले आणि बराचसा माल वाचला. मालकांनी दुसरे सॉफ्टवेअर विकत घेतले. वजनाचा आकडा बाहेर वेगळ्या पाटीवर दिसेल, अशी सोय त्याने करून दिली, त्यामुळे बागायतदारांची शंकाही राहिली नाही. पण काही जण मालकांना म्हणाले, ठाण्यात नेलेला माणूस काट्यावर नको. त्याला मागे शीतगृहात बसवण्यात आले.

मी त्याला ठाण्यात बोलावून दिलगिरी व्यक्त केली. तो शांतपणे म्हणाला, "इथं कोण ऐकून राहिलं साहेब? काट्यावर येऊन म्हणा."

येतो, असे मी म्हणालो. त्याचे नाव नोंदवहीतून काढण्याचा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात पाठवला आणि तो मंजूरही झाला. काट्यावर मात्र गेलो नाही. आज बंदोबस्त, उद्या कोर्टात पेशी, मग बदली. खरे कारण अंगावरची वर्दी होती. ती घालून चार लोकांसमोर चूक कबूल करणे मला जमले नाही. या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी तपासाविषयी काही सांगत नाही, हेच सांगतो.

गेल्या हंगामात, स्वेच्छानिवृत्तीनंतर, मी तेथे गेलो. मधल्या वर्षांत आपल्या कामाच्या बळावर तो पुन्हा काट्यावर आला होता. रांगेत ट्रॅक्टर उभे होते. मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की, यांना मी एकदा येथून चौकशीसाठी नेले होते, यांचा काहीही दोष नव्हता, चूक माझी होती. मग त्याच्याकडे वळून म्हणालो, "तुम्ही मला माफ करा."

ट्रॅक्टरवरची पोरे एकमेकांकडे पाहू लागली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी तेथे एकही नव्हता. एकाने दुसऱ्याला हळूच विचारले, "याले पोलिसांनी नेलं होतं काय रे?"

त्याने खुर्ची सरकवून मला बसायला दिली. "यायच्यातल्या कोणाले माहीत नव्हतं साहेब," तो म्हणाला. "आता माहीत झालं."

मग त्याने खिडकीतून पुढचा ट्रॅक्टर काट्यावर घ्यायची खूण केली.