थेल्माने बस अडवली

बिराला गावच्या कोळसा खाणीत संप सुरू झाला, तशी थेल्मा पास्को घडीची खुर्ची घेऊन फाटकावर येऊन बसली. बोलावलं कुणीच नव्हतं. तिचा नवरा क्लॅरी याच खाणीत गाडला गेला होता. प्रेतसुद्धा वर आलं नाही. उभ्या जन्मात त्याने संप फोडला नव्हता. संपफोड्यांशी तो गुत्त्यातही बोलत नसे, आणि त्याच्यामागे थेल्माही त्यांच्या बायकांना दुकानात ओळख देत नसे.

रोज सकाळी धुक्यातून संपफोड्यांची बस यायची. काचांना जाळ्या, आतल्यांची तोंडं झाकलेली. फाटकावरचे संपकरी शिव्या घालायचे, बस आत जायची. एका सकाळी मागच्या खिडकीत एक उघडा चेहरा दिसला. क्लॅरीचा.

"ऑसी, मागे कोण बसलं होतं रे?"

ऑसी ब्रेनक संपाचा पुढारी, क्लॅरीचा जुना जोडीदार. फाटकाशी शेकायला पेटवलेल्या पिंपातल्या जाळात लाकूड सारत तो म्हणाला, "मी नाही पाहिलं. तू उद्या घरीच राहा, थेल्मा."

"म्हणजे पाहिलंस."



थेल्माला भीती वाटली नाही, लाज वाटली. मेल्यावर ही बुद्धी कशी झाली याला?

दुसऱ्या दिवशी ती थेट रस्त्यात उभी राहिली. बस कचकन थांबली. बंदोबस्तावरच्या पोलिसाने तिचा दंड धरला.

"माझा माणूस आत आहे. उतरवून घेते नि जाते," ती म्हणाली. पोलिसाचा हात आपोआप सुटला. ड्रायव्हरने मुकाट दार उघडलं.

आतले सगळे पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते. मागचं बाक रिकामं, पण ओलं. त्यावरून काळं पाणी ठिबकत होतं.

"तो आमच्या आधीच बसलेला असतो, बाई," एकजण हळूच म्हणाला. "आणि उतरतच नाही."

थेल्मा बाकापाशी गेली. "क्लॅरी, ऊठ. लोक बघतायत."

मग कुणाला तरी आधार देत असावी तशी ती सावकाश पायऱ्या उतरली. ती उतरल्यावर पायरी पुन्हा एकदा दबली. तिच्यामागोमाग संपफोडे एकेक करून उतरले आणि मान खाली घालून गावाकडे चालू लागले.

ऑसी जवळ आला. "थेल्मा, हात कुणाचा धरलायस?"

"तूच बघ ना."

त्याने जाळाकडे तोंड फिरवलं.

संप पुढे मोडलाच. मालकांनी लांबून दुसरी माणसं आणली. ती मात्र पायी यायची. त्या बसमध्ये पुन्हा कुणी चढलं नाही.