मामाजींची घोडी

नागपुरात घोडा म्हटलं की लोकांना वरात आठवते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या घोडदौडीत मी घोडे तपासायला जाते, हे सासरी समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. मी जनावरांची डॉक्टर. शहराच्या कडेला, बेसा इथं माझा दवाखाना आहे. तिथं येतात ती बहुतेक कुत्री-मांजरं. घोड्यांचा नाद मामाजींनी, म्हणजे आईच्या भावानं, लावला. खाप्याला त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि बागेत एखादी तरी घोडी कायम असते. मला पहिल्यांदा खोगिरावर त्यांनीच बसवलं, आणि मी पडले तेव्हा आईला सांगू नको म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात खाप्याजवळच अशी दौड होती. कन्हानच्या काठानं, कपाशीच्या शेतांमधून रस्ता. यात नुसतं जोरात पळून भागत नाही. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, घोड्याचे ठोके ठरल्या वेळात खाली यायला हवेत, आणि दुडकी चालताना तो लंगडता कामा नये. डॉक्टरला शंका आली तर घोडा तिथंच बाद. मामाजी साठी ओलांडूनही आपल्या तांबूस कुमैत घोडीवर उतरले होते. नात्यातली म्हणून त्यांची घोडी मी तपासायची नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. ती माझ्या वरिष्ठ डॉक्टरांकडे गेली.

शेवटच्या टप्प्याआधी डॉक्टरांनी मला हाक मारली. घोडीचे ठोके ठीक होते, चालही ठीक. पण त्यांना पोट बरं वाटत नव्हतं. म्हणाले, तूही एकदा ऐकून बघ. मी दोन्ही कुशींना स्टेथोस्कोपची नळी लावली. निरोगी घोड्याचं पोट सारखं गुडगुडत असतं. हिचं अगदी गप्प होतं. हिरड्या कोरड्या. पुढ्यात बादली असून ती पाण्याला तोंड लावत नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मामाजींना मीच सांगते.

मामाजी लगाम धरून उभे होते, निघायच्या तयारीत.

“मामाजी, हिला पुढं नाही नेता येणार.”

“काहून वं? चालून तं राहिली चांगली.”

“पोट बंद आहे तिचं. तुम्ही म्हणाल तितकं ती चालेल, म्हणूनच थांबवतो आहोत.”

त्यांनी खोगीर उतरवलं, घोडीला कडुनिंबाखाली नेलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी चहा पाठवला, तो तसाच परत आला. मला फार वाईट वाटत होतं, पण दुसरे घोडे रांगेत होते.

दुपार कलता कलता घोडी कुशीकडे वळून पाहायला लागली. मग खाली बसली. पोटदुखीच होती. आम्ही तिला उठवलं, औषध दिलं, सलाईन लावलं. मामाजी तिचं डोकं छातीशी धरून उभे राहिले आणि तिच्या कानात हळूहळू काहीतरी बोलत राहिले. पुढं नेलं असतं तर ती वाटेतच कोसळली असती.

उन्हं उतरताना पोटात थोडी हालचाल ऐकू आली. मी नळी मामाजींच्या कानाला लावली. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

“बोलून राहिली वं,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं घोडीनं लीद टाकली. आम्ही तिघं त्या लिदीकडे इतक्या कौतुकानं पाहत होतो की दौड जिंकून आलेला गडी आमच्याशी हात मिळवायला थांबला आणि नुसताच बघत राहिला. मामाजींनी लगेच मामींना फोन लावला. आधी लिदीची बातमी दिली, मग आपण बाद झाल्याची. मामींनी पलीकडून जेवलात का विचारलं असावं, कारण मामाजींनी माझ्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली.

आम्ही तिथंच पिठलं-भाकर खाल्ली. आता कुणीही पाहुणा आला की मामाजी त्याला बागेत नेतात, घोडी दाखवतात आणि म्हणतात, “माह्या भाचीनं मले बाद केलं. तिले कोणाची भीड नाही.” मी समोर असले तर हे जरा जास्तच मोठ्यानं सांगतात.