झुंबरबाईचा दात

झुंबरबाई गावितला समोरचा एक दात नाही. निफाडजवळच्या आमच्या गावात ती आशाताई आहे. नवं बाळ जन्मलं की घरी जाऊन त्याचं वजन, ताप, नाळ बघते. दात कसा गेला असं कुणी विचारलं तर म्हणते, "द्राक्षं खाताना."

गेल्या डिसेंबरात थंडी एवढी पडली होती, की द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवत. त्याच दिवसांत तिला डोंगरातल्या पेठ तालुक्याच्या आशाताईचा फोन आला. "आमची सविता तुमच्याकडं मजुरीला आली अन् बागेतल्या शेडातच बाळंत झाली. अजून कुणी बघितलं नाय तिला. जाऊन ये, बाई."

शेडाच्या दारात मजुरांच्या टोळीचा मुकादम बहिरू उभा होता, सविताचा मामा. डोंगराकडची टोळी एकत्र येते आणि एकत्रच जाते. एक घर उठलं की सगळे उठतात. मागच्या हंगामात नर्सने एक पोर नाशिकला हलवलं, तर ऐन डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या दिवसांत टोळी निघून गेली. बागेचं नुकसान झालं आणि मालकाने बहिरूला सगळ्यांसमोर चपलेने मारलं.

"पोरगी झोपलीय. जा," बहिरू म्हणाला.

"झोपलीय का गार पडलीय, बघू दे ना, दादा."

"पिशवीवाली आली का माझी टोळी मोडती."

"तुझी टोळी काय मातीचा माठ हाय का, मी हात लावला का मोडायला?"

ती त्याच्या हाताखालून आत घुसली. त्याने मागून तिचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड लोखंडी अँगलवर आपटलं. दात जिभेवर आला. पिशवीतला वजनाचा काटा खाली पडला, तो त्याने पायाने चिरडायला घेतला. झुंबरबाईने काट्याचा टांगायचा आकडा उचलून त्याच्या पोटरीत खुपसला. बहिरू किंचाळला. मग त्याने फावड्याचा दांडा घेतला. एक फटका पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. तिचा डावा हात लुळा पडला. ती कोपरावर सरपटत आत गेली.

सविता गोणपाटावर बसली होती. मांडीवर साडीत गुंडाळलेली पोरगी. तिचे तळपाय दगडासारखे गार होते, रडणं मांजराच्या पिलाएवढं.

"सकाळपासून दूध ओढत नाय, ताई. मामा म्हनला, डिपिंग होऊ दे."

"पोलकं काढ," झुंबरबाई रक्त थुंकत म्हणाली. "अंगाला अंग लाव तिचं. वरून शाल घे."

बहिरू लंगडत आत आला. त्याने सविताचा दंड धरून ओढला आणि झुंबरबाईच्या डोक्यावर दांडा उगारला. घड विरळ करायची कात्री सविताच्या कमरेला खोचलेली होती. तिने ती काढली आणि दांडा धरलेल्या हातात खुपसली. टोक तळव्यातून बाहेर आलं. दांडा पडला.

बागेबाहेरच्या रस्त्यावर लासलगावला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरसमोर झुंबरबाई चांगला हात वर करून उभी राहिली. ड्रायव्हरने शिवी हासडली, मग तिचं तोंड पाहिलं आणि मागे चढायची खूण केली. छातीशी पोरगी बांधलेली सविता कांद्यांवर बसली. मागे बागेतल्या बायांनी औषधाचे मग खाली ठेवले आणि एकेक करून रस्त्याला लागल्या.

आरोग्य केंद्रात सिस्टर एकच होती. ती पडद्याआड पोरीपाशी थांबली. थोड्या वेळाने टोळीतल्या माणसांनी बहिरूला आणलं. हाताला गमछा, गमछ्यातून रक्त. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. झुंबरबाईने कापूस घेतला आणि चांगल्या हाताने त्याचा तळवा दाबून धरला.

"टोळी उठली?" त्याने विचारलं.

"उठली. बाहेर बसलीय."

"मालक मला जित्ता सोडनार नाय."

"आधी तिला दूध ओढू दे. मग तुझ्या मालकाचं बघू."

दोघंही पडद्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने आतून सविता ओरडली, "ताई! ओढायली! ओढायली बघ!"

झुंबरबाईला उठून जायचं होतं. पण हात काढला असता, तर रक्त पुन्हा सुरू झालं असतं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"लय."

"दुखू दे," ती म्हणाली आणि आणखी जोराने दाबलं.